स्टुलावरची विद्यार्थिनी

१

मास्तरीण हे तिचं खरं नाव नव्हे, पण घरीदारी सगळे तिला तेच म्हणत. लहानपणी ती डबे-वाट्या ओळीत मांडून त्यांना पाढे शिकवायची आणि चुकलेल्या वाटीला पालथं घालून शिक्षा करायची. तेव्हा आत्याने ठेवलेलं हे नाव तिच्या मागोमाग थेट नर्सिंग कॉलेजात आलं.

कॉलेजच्या पहिल्या चाचणीत मात्र मास्तरीण सपशेल आपटली. मेहनत काही कमी नव्हती, उलट जास्तच होती. लेक्चरमधला शब्दन् शब्द ती उतरवून घ्यायची. "मॅडम शिंकल्या तर ही तेही लिहील, कंसात," असं तिच्या बाकावरची चिमणी सगळ्यांना सांगत सुटायची. चिमणी म्हणजे अंगाने एवढीशी आणि तोंडाने अखंड चालणारी.

निकालानंतर शरीरशास्त्राच्या मॅडमनी मास्तरणीला बोलावून घेतलं. तिची गच्च भरलेली वही चाळली आणि तिच्यापुढे सरकवली.

"हे टायपिंग झालं. अभ्यास कुठाय?"

मास्तरणीने वही उचलली.

"धडा मी शिकवायच्या आधी वाचून यायचा. त्याची हेडिंगं काढायची, त्यांच्याखाली पोटमुद्दे. आधी नुसता सांगाडा उभा करायचा. पानाची एक बाजू कोरी सोडायची. वर्गात मी पुस्तकाबाहेरचं जे बोलेन तेवढंच तिकडे लिहायचं. आणि घरी गेलीस की वही मिटायची, समोर रिकामी खुर्ची ठेवायची आणि तिला शिकवायचं. मोठ्याने. जिथे अडखळशील तिथे तुला आलेलं नाही, एवढं सोपं."

"खुर्चीला शिकवायचं?"

"खुर्ची मध्येच जांभया देत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा बरी."

मास्तरणीला हे एकदम पटलं. वाट्यांना शिकवलेलं होतंच, आता खुर्चीला. दुसऱ्या चाचणीत ती वर्गात पहिल्या काहींमध्ये आली आणि जी चिमणी तिची थट्टा करायची तीच तिच्या नोट्ससाठी लोणी लावू लागली.

२

कॉलेजसाठी ती आत्याकडे राहायची. आत्या शिवणकाम करायची. कोट आणि गणवेश ही तिची खासियत. खाली दुकान, दुकानामागे स्वयंपाकघर, आणि लाकडी जिन्याने वर गेलं की कापडाची खोली. तिथे भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर कापडाचे तागे: जाड, खरखरीत, रेघांचे, आणि खिडकीजवळ अस्तराचे गुळगुळीत तागे. खोलीत खुर्ची नव्हती. वरच्या फळीवरचं कापड काढायला आत्या वापरायची तो एक उंच स्टूल होता. मास्तरणीने तोच समोर ओढला आणि त्याला शिकवायला सुरुवात केली.

हाडांचा आणि सांध्यांचा धडा तिने असा शिकवला की मॅडमनी ऐकला असता तर पाठ थोपटली असती. कुठलं हाड कुठे अडकतं, गुडघा कुठल्या बाजूला वळतो आणि कुठल्या बाजूला वळत नाही, हात खांद्यापासून गोल का फिरतो, सगळं तिने हातवारे करून सांगितलं. "आणि शरीराचा सगळा भार शेवटी इथे येतो," असं म्हणून तिने स्वतःच्या टाचेवर टिचकी मारली.

स्टूल करकरला.

एखाद्याने बसल्या जागी वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला टाकावं, तसा. मास्तरणीने क्षणभर पाहिलं. लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आकसतं, हे तिला माहीत होतं. तिने वही उघडून मुद्दे पडताळले. एकही सुटला नव्हता. ती खूश होऊन खाली गेली.

रक्ताभिसरणाच्या धड्याला मात्र तिला थांबावं लागलं. हृदयाचे कप्पे झाले, झडपा झाल्या, रक्त कुठून येतं नि कुठे जातं ते झालं. शिकवता शिकवता पार्श्वभूमीला एक आवाज चालला होता, धप-धप, धप-धप. आत्याचं पायमशीन, असं धरून ती बोलत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, आत्या मघाशीच कोट पोचवायला बाहेर पडली आहे.

ती घाबरून पळाली नाही. नर्सिंगची विद्यार्थिनी ती. आपलीच नाडी आपल्याला कानात ऐकू येते, हे तिने वाचलेलं होतं. तिने मनगटावर दोन बोटं ठेवली आणि ऐकलं.

तिची नाडी जलद चालली होती. तो आवाज सावकाश होता. नवखा माणूस ताल धरायला शिकतो, तसा मध्येच अडखळत, पुन्हा जुळवून घेत.

"शेजारी कोणीतरी काहीतरी कुटतंय," ती मोठ्याने म्हणाली. आवाज भिंतीकडून येत नव्हता, पण तिने कान लावून पाहायचं टाळलं.

३

श्वसनाच्या धड्याला तिची तयारी सगळ्यात पक्की होती. आधी सांगाडा: नाक, घसा, श्वासनळी, फुप्फुसं, मग श्वास घेणे, मग श्वास सोडणे. वर्गात मॅडमनी पुस्तकाबाहेरचं जे सांगितलं ते कोऱ्या बाजूला. ती दुपारी स्टुलासमोर उभी राहिली आणि वही मिटली.

"श्वास घेताना काय होतं? छातीखालचा पडदा आकसतो आणि खाली जातो. बरगड्या वर उचलल्या जातात. छातीत जागा होते, फुप्फुसं पसरतात आणि हवा आत ओढली जाते. कळलं?"

तेवढ्यात खालून आत्याची हाक आली. "मास्तरीणबाई, गिऱ्हाईक आलंय आणि माझ्या तोंडात टाचण्या आहेत! जरा माप लिहून घे!"

ती गेली. मापं लिहिली, गिऱ्हाइकाच्या गप्पा ऐकल्या, आत्यासोबत चहा घेतला. परत जिना चढताना तिला वरून एक बारीक, लांबलेला आवाज ऐकू आला. खिडकीच्या फटीतून वारा शिरावा, तसा. खोलीत आली तर खिडकी बंद होती.

आवाज स्टुलापासून येत होता. हवा आत ओढली जात होती. आत, आणखी आत. थांबतच नव्हती. फळीवरून लोंबणाऱ्या कापडाचं टोक स्टुलाच्या दिशेला झुकलं होतं. आवाज वर वर चढत चालला, बारीक होत गेला, आणि त्याच्याखाली ती धपधप वेडीवाकडी धावायला लागली. कसलं तरी लाकूड, की बरगड्या, तणावाने कुरकुरत होत्या.

मास्तरणीला एकच गोष्ट सुचली. ती ओरडली, "सोडताना! श्वास सोडताना पडदा सैल पडतो! सैल! पडदा वर येतो, बरगड्या खाली येतात, जागा कमी होते आणि हवा बाहेर, बाहेर जाते!"

कोमट हवेचा एक लांबच लांब झोत तिच्या तोंडावर आला. तिच्या कपाळावरचे केस मागे उडाले. मग पुन्हा आत. मग पुन्हा बाहेर. हळूहळू सगळं शांत, एकसारखं झालं.

"आणि हे," ती म्हणाली, आणि आपला आवाज किती स्थिर आहे याचं तिचं तिलाच नवल वाटलं, "न सांगता चालू राहतं. झोपेतसुद्धा. लक्ष द्यावं लागत नाही."

खालून आत्याने विचारलं, "कोणावर ओरडतेस गं?"

"कोणावर नाही, आत्या. धडा अर्धा राहिला होता."

४

त्या दिवसानंतर तिने स्वतःशी पुष्कळ वाद घातला. जागरणाने भास होतात. पण ती जागरण करत नव्हती. जुन्या घरात आवाज येतात. पण घर जुनं नव्हतं. तिला सगळ्यात बळकट वाटणारा मुद्दा वेगळाच होता: कानाचा धडा तर अजून यायचाय, मग ते जे काय आहे ते आपलं ऐकतंय कशाने? या मुद्द्यावर ती दोन रात्री निवांत झोपली.

चिमणीला तिने उडत उडत विचारलं, "तू शिकवतेस का गं रिकाम्या खुर्चीला?"

"मी? माझ्या घरात खुर्ची रिकामी कधी असते?" चिमणी म्हणाली. "मज्जासंस्थेच्या नोट्स दे आधी. मेंदूपाशीच माझा मेंदू बंद पडलाय."

शिकवणं बंद करावं, हा विचार मास्तरणीच्या मनात आलाच नाही असं नाही. पण परीक्षा तोंडावर होती, आणि पहिल्या चाचणीनंतर मॅडमनी पुढे सरकवलेली ती वही तिला विसरता येत नव्हती. शिवाय आत कुठेतरी, कबूल करायला तिला जड जायचं पण, तिला अभिमान वाटत होता. तिचं शिकवलेलं कोणीतरी इतकं मन लावून घेत होतं. वर्गात तिच्या नोट्स मागणाऱ्यांतली एकही मुलगी तेवढी एकाग्र नव्हती.

मज्जासंस्था तिने शिकवली. मेंदू, मणक्यातून जाणारा दोर, अंगभर पसरलेले धागे. "यांच्यामुळे स्पर्श कळतो," ती म्हणाली. "गरम कळतं, गार कळतं. वेदना कळते."

श्वास लय सोडून एकदम उथळ झाला. स्टूल जोरात हलला आणि मग अगदी स्थिर राहिला. दुखऱ्या जागी धक्का लागू नये म्हणून माणूस अंग चोरून बसतो, तसा.

दुसऱ्या दिवशी वर्गात मॅडम म्हणाल्या, "पुढचा त्वचेचा धडा आपण घेणार नाही. छोटा आहे, घरी वाचा. एखाद-दुसऱ्या मार्काला येतो."

सगळ्या वर्गाने एकमुखाने तो ऑप्शनला टाकला. मास्तरणीनेही. तिने पान उलटलं आणि डोळ्याच्या धड्याची हेडिंगं काढायला घेतली.

५

"अस्तराचं कापड कोणी उलगडलं?"

आत्या जिन्यात उभी होती आणि तिच्या हातात अस्तराच्या ताग्याचं टोक होतं. मास्तरीण नुकतीच कॉलेजातून आली होती.

"मी नाही, आत्या."

"मग काय ताग्याला पाय फुटले? अख्खा लांबच्या लांब पसरलाय खोलीत. आणि हे बघ, ओलं आहे. कसले डाग पाडलेस गं? रंग सांडलास?"

कापड ओलसर होतं आणि ओल गुलाबीसर होती. मास्तरणीने ते हातात घेतलं. वर्गात, प्रयोगशाळेत, वॉर्डातल्या पट्ट्यांवर तिने तो रंग पाहिलेला होता. भाजलेल्या रुग्णाच्या जखमेतून पाझरतं, ते असं असतं.

"जाड कापडाला हात नाही लावलेला," आत्या पुटपुटत होती. "खरखरीत एकही तागा हललेला नाही. निवडून निवडून मऊ तेवढं घेतलंय. माहीतगाराचं काम आहे हे."

मास्तरीण तिथेच पायरीवर बसली. तिचं डोकं असल्या वेळी फार स्वच्छ चालायचं. हाडं शिकवली. स्नायू शिकवले. रक्त, श्वास, मज्जातंतू शिकवले. वेदना शिकवली.

आणि कातडी ऑप्शनला टाकली.

"आत्या," ती उठत म्हणाली, "थोडा वेळ वर येऊ नकोस. मला एक धडा शिकवायचा राहिलाय."

"आणि माझं कापड?"

"भरून देईन. पण आत्ता येऊ नकोस."

आत्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खाली जाऊन ती मशीनवर बसली.

६

दुपारचं ऊन खिडकीतून अर्ध्या खोलीवर पडलं होतं. स्टूल उन्हात होता आणि रिकामा होता. श्वास कोपऱ्यातून येत होता, शेवटच्या फळीच्या आड, सावलीतून. अस्तराचं कापड तिथवर ओढत नेलेलं होतं, आणि तिथे त्याचा एक ढीग होता. ढीग वर-खाली होत होता.

मास्तरीण स्टुलाशी गेली नाही. ती ढिगापासून हातभर अंतरावर जमिनीवर मांडी घालून बसली. तिच्याकडे ना हेडिंगं होती, ना कोरी बाजू. तिने पुस्तक मांडीवर उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा न वाचलेला धडा शिकवला.

"माझं चुकलं," ती आधी म्हणाली. "हा खरं तर आधी घ्यायला हवा होता. ऐक. त्वचेचे थर असतात. सगळ्यात वर बाहेरचा थर. तो पातळ असतो पण आतलं सगळं झाकतो. जंतू आत येऊ देत नाही, पाणी बाहेर जाऊ देत नाही."

ढीग थबकला.

"त्याच्याखाली जाड थर. त्यात घामाच्या ग्रंथी असतात, केसांची मुळं असतात. बोटांच्या टोकांना नखं असतात."

ती सांगत गेली. अडखळली तिथे पुस्तकात पाहिलं, पुन्हा सांगितलं. कापडाखालून एक बारीक आवाज येत होता, तापत्या दुधावर साय धरताना तो ऐकू आला असता तर असाच आला असता. मग श्वास सैल पडला. सुटकेचा श्वास कसा असतो हे तिने त्याला शिकवलेलं नव्हतं, तरी तो तसाच होता.

कापडाच्या कडेखालून एक हात बाहेर आला.

तिने तेवढंच पाहिलं. हात बाईचा होता, गोरा नाही, सावळा नाही, रंगाचा म्हणून काही सांगता येणार नाही असा. नखं होती. तळवा मात्र कोरा होता. एक रेघ नाही, बोटांच्या टोकांवर ठशांची एक वळी नाही. घाईत तो मुद्दा तिच्याकडून राहून गेला होता.

हात चाचपडत पुढे आला आणि तिच्या चेहऱ्याला लागला. मास्तरणीने डोळे मिटले. हात कोमट होता. त्याने तिचं कपाळ पाहिलं, भुवया पाहिल्या, नाकाचा उतार, ओठांची कड, हनुवटी. सावकाश, पोटमुद्दे काढावेत तसं, एकेक. पापण्यांपाशी तो बराच वेळ थांबला. आत काय आहे ते कळत नसल्यासारखा.

"ते पुढच्या धड्यात," ती कुजबुजली, आणि लगेच तिला वाटलं, हे बोलायला नको होतं.

हात मागे गेला. डोळे उघडायला तिला बराच धीर गोळा करावा लागला. उघडले तेव्हा कोपऱ्यात कापडाचा ढीग नव्हता, श्वासही नव्हता. खोलीचं दार, जे तिने लावून घेतलं होतं, ते उघडं होतं.

खाली आत्या पाठमोरी बसून सुईत दोरा ओवत होती. रस्त्याकडचं दार सताड उघडं होतं.

"झाला धडा?" आत्याने मान न वळवताच विचारलं. "आणि आज एवढं लाडात यायला काय झालं? मागून येऊन तोंडावरून हात काय फिरवतेस, बोलत काही नाहीस. दोरा सुटला ना माझा." मग जरा थांबून ती म्हणाली, "हात मात्र किती मऊ झालेत गं तुझे. काही काम करतेस की नाही?"

मास्तरणीने जाऊन रस्त्याकडचं दार लावलं आणि बराच वेळ त्याला पाठ लावून उभी राहिली.

७

डोळ्याचा धडा तिने मनातल्या मनात वाचला, ओठही न हलवता. वर स्टूल रिकामा होता आणि आता तो खरोखरच रिकामा होता. हे तिला खोलीत पाऊल टाकताच कळायचं. आपण वेळेवर थांबलो, असं ती स्वतःला सांगत होती. जवळजवळ पटलंही होतं.

एका सकाळी मॅडम वर्गात आल्या, फळ्यावर मोठा गोल काढला आणि म्हणाल्या, "आज डोळा. परीक्षेत हमखास येतो, तेव्हा कान देऊन ऐका."

मास्तरणीचं पेन हवेतच राहिलं.

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. धडा फक्त तीच थोडी शिकवत होती?

मॅडम बोलू लागल्या. बाहेरचं पांढरं आवरण, मधला थर, बुबुळ, त्यातली बाहुली, मागचा पडदा. वर्गभर पेनं चालत होती. पेनांच्या त्या खसखशीखाली, शेवटच्या बाकाकडून, एक सावकाश श्वास चालला होता. आत. बाहेर. न सांगता, लक्ष न देता. अगदी तिने शिकवला होता तसा.

तिने मागे पाहिलं नाही. मॅडमनी पडद्यावर प्रतिमा कशी पडते ते सांगितलं, ती मेंदूत सुलटी कशी होते ते सांगितलं, आणि त्या वाक्याच्या शेवटी मास्तरणीच्या मानेवर एक नजर येऊन टेकली. नजरेला वजन नसतं हे तिला माहीत होतं. तरी तिची मान खाली झुकली.

"शेवटच्या बाकावर कोण ते?" मॅडमनी खडू ठेवला. "तुम्ही, डोक्यावरून कापड घेतलेल्या. नवीन का? नाव काय?"

सगळा वर्ग वळला. चिमणी वळली, तिने पाहिलं, आणि मग ती हळूच मास्तरणीच्या कानाशी लागली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त कुतूहलाने भरलेला.

"अगं, कपाळ, नाक अगदी तुझं. तू कधी बोलली नाहीस, तुला बहीण आहे म्हणून?"

"नाव विचारलं मी," मॅडम म्हणाल्या. "तोंड नुसतं उघडताय काय? आवाज फुटत नाही का?"

आवाजाचा धडा पुढच्या आठवड्यात होता. तोवर आवाज फुटणार नाही, हे त्या खोलीत फक्त दोघींना ठाऊक होतं.

मास्तरीण उभी राहिली. भार टाचांवर नीट पेलला. बाकाच्या कडेला सरकून तिने आपल्या आणि चिमणीच्या मध्ये एका माणसापुरती जागा केली.

"ती माझ्याबरोबर आहे, मॅडम," ती म्हणाली. "मी शिकवीन तिला."

मागे बाक करकरला, आणि अनवाणी पावलं दोन रांगांमधून तिच्याकडे येऊ लागली.